केबल नंतर चोरली, शाळा आधी सुटली

प्रश्न : आम्ही मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो. मुलगा 15 वर्षांचा, नववीत. दिवाळीपासून शाळेला दांडी मारतोय, हे उशिरा कळलं. गेल्या महिन्यात मोठ्या पोरांबरोबर नदीवरच्या पाण्याच्या मोटारींची केबल चोरताना सापडला. लहानपणापासून वाचताना अडखळतो. हे म्हणतात, पुण्याला हॉटेलात कामाला लावू. पोलीस केस झाल्यावर त्याला पुढं नोकरी लागेल का? – एक आई

उत्तर : ताई, वाचताना अडखळतो हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण खरी मेख तिथंच दिसते. वाचता येवो न येवो, पोरगं कसंबसं वर सरकत राहतं. नववीत भूमितीचा प्रश्नच वाचता येत नाही. सर ‘उभा राहून वाच’ म्हणाले की वर्ग हसतो. मग दप्तर घेऊन निघायचं आणि फाट्यावर बसायचं. तिथं कुणी वाचायला सांगत नाही. केबल जाळून तांबं काढलं की भंगारवाला रोख पैसे देतो आणि मोठी पोरं ‘कामाचा आहेस’ म्हणतात. वर्गात हे त्याला कुणी म्हटलं असेल का? मागं पडणारं प्रत्येक पोरगं चोरीकडं वळत नाही, उगाच धास्ती घेऊ नका. पण मालकाचं नुकसान झालंय, तेही त्याला स्पष्ट सांगा.

आज रात्री चौथीचं मराठीचं पुस्तक द्या, एक उतारा वाचू द्या. रागावू नका. जोडाक्षरं गाळतो का, ओळ सोडतो का, बघा. तसं असेल तर अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या, तपासणीसाठी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो.

नोकरीचं म्हणाल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलाला पुढं अपात्र धरत नाहीत. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चालतं, त्याचं नाव छापता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, एजंटाला पैसे देऊ नका.

हॉटेलचा बेत मात्र मोडा. सुनावणी सुरू असताना पोरगं पुण्याला गेलं, तर तारखेला कोण उभं राहणार? शाळा नकोच म्हणाला, तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड आठवी पासवर मिळतो, वर्षभराचा आहे. गाळप संपलं की कारखान्यांत दुरुस्तीची कामं निघतात, वेल्डर लागतोच. दहावी पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते.

परिविक्षा अधिकारी घरी चौकशीला येतील. ‘पोरगं चांगलंय, संगत वाईट’ एवढ्यावर थांबू नका. वाचनाचं, दिवाळीपासूनच्या दांडीचं सगळं सांगा. मंडळाला जाणाऱ्या अहवालात ते यायला हवं. त्या दिवशी त्याच्या वडिलांनाही घरी थांबवा.