रात्री थांबून दुसऱ्यांच्या एंट्र्या सुधारू नकोस

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, एम.कॉम. इचलकरंजीजवळ कापडाच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये अकाउंट्सला आहे. एप्रिलपासून विभाग माझ्याकडे आला. हाताखाली तीन मुलं आणि एक काका, माझ्या वडिलांच्या वयाचे. रोज साडेआठपर्यंत थांबून सगळ्यांच्या एंट्र्या मीच सुधारते. मुलांना सांगितलं तर हिरमुसतात, काकांना तर काही बोलवतच नाही. सीए राहून गेलं, त्याचीही खंत आहे. पुढे कशी जाऊ?

उत्तर : सीएचं आधी सांगते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, 2 वर्षांची आहे आणि ती करायची तर ही नोकरी सोडावी लागेल. घरची तयारी असेल तर जरूर कर. नसेल तर सीएमए, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचा कोर्स, बघ, ते नोकरी सांभाळून करता येतं. मीटरमागे रंग किती, वाफ किती हा हिशेब कारखान्यात रोज लागतो.

आता साडेआठचं. हे आजपासून थांबव, अगदी कळकळीने सांगते. 1994 साली मी एका फाउंड्रीत नवखी होते. बँक रिकन्सिलिएशनला, म्हणजे बँकेचा हिशेब आपल्या वहीशी जुळवताना, 1,800 रुपयांचा फरक येत होता. दोन दिवस शोधून रडकुंडीला आले होते. आमचे साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. पेन्सिल माझ्याच हातात ठेवली आणि म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो का बघ." गेला. "मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय." 6,450 चा चेक मी 4,650 लिहिला होता. त्यांना तो पाच मिनिटांत सापडला असता, पण मग मी काहीच शिकले नसते. तू रात्री गुपचूप दुरुस्त करतेस, तेव्हा सकाळी त्या मुलाला आपलं चुकलं होतं हेच कळत नाही. पुढच्या महिन्यात तो तीच चूक करणार.

चुकलेलं व्हाउचर ज्याचं त्याला दाखव, चारचौघांत नको, आणि त्याच्याच हातून दुरुस्त करून घे. त्याच दिवशी चूक कबूल करणाऱ्यावर कधीही आवाज चढवू नकोस. टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा राहिला की महिन्याला दीड टक्का व्याज लागतं. पोरगं घाबरून गप्प बसलं तर ते व्याज वाढतच जातं. मी हे भोगलंय. एका मुलाने तीन महिने चलन दडवलं होतं, कारण आदल्या वेळी मीच त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पहिले दोन महिने काम रेंगाळेल, मालकांना आधीच कल्पना देऊन ठेव.

काकांना बोलवत नाही म्हणतेस, मग त्यांनाच विचार ना! पार्टी कोण, पैसे कुणाचे अडतात, बिल कोण उशिरा चढवतं, हे त्यांना तोंडपाठ असणार. जीएसटीचं 2बी, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, 14 तारखेला येतं; 3बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, 20 पर्यंत भरायचं. आपल्या खरेदीची जी बिलं 2बीत दिसत नाहीत, त्यांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. तू फोन केलास तर सूतवाला "बघतो मॅडम" म्हणेल. काकांनी केला तर संध्याकाळपर्यंत बिल चढवायच्या तयारीला लागेल. येत्या 14 ला राहिलेल्या बिलांची यादी काढ, काकांच्या टेबलापाशी जाऊन बस आणि "काका, हे तुम्हीच बघा" म्हण.