वावर विकायचं की कर्ज काढायचं?

प्रश्न: यावल तालुक्यात माझं चार एकर केळीचं वावर आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. कर्नाटकातल्या खासगी कॉलेजात तिला बीएस्सी न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजीला प्रवेश मिळतोय. फी तीन वर्षं दरसाल दीड लाख, चौथं वर्ष बिनपगारी इंटर्नशिप. राहणं-खाणं वर्षाला ९० हजार. एफडी अडीच लाखांची. धाकटा भाऊ एक एकर रोखीने घ्यायला तयार आहे, घरच्यांना कर्ज नको आहे. काय करू?

उत्तर: भाऊ, वावर विकू नका. गिऱ्हाईक घरातलंच म्हणून सौदा सोपा वाटतोय, पण भावाला दिलेला एकर पुढे परत मागणार कोणत्या तोंडाने?

फी साडेचार लाख, राहणं-खाणं ३ लाख ६० हजार. एकूण ८ लाख १० हजार. फीसाठी शैक्षणिक कर्ज काढा, बाकीचं एफडी आणि केळीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, भागवा. साडेसात लाखांपर्यंतच्या या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत; सातबारा घरीच राहील. चार लाखांच्या वर गेल्याने पाचेक टक्के पदरचे घालावे लागतील, तेवढंच.

व्याज १० टक्के धरू. पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५०० आणि पुढे ३,७५० रुपये व्याज भरत राहिलात, तर कोर्स संपून वर्ष झाल्यावर सात वर्षांसाठी हप्ता साधारण ७,५०० बसेल. काहीच भरलं नाही तर १ लाख ८० हजारांचं व्याज मुद्दलात मिसळून तो साडेदहा हजारांच्या घरात जाईल. केळी कांदेबागेच्या हंगामातली असो की मृगबागेच्या, पट्टी हातात आली की आधी व्याज भरा. आणि एखाद्या वर्षी वादळात बाग आडवी झालीच, तर हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात व्याज थांबलं म्हणून खातं थकीत होत नाही. विकलेल्या एकराला अशी मुभा नसते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला साडेचार लाखांच्या आतला असेल आणि कॉलेज निकषात बसत असेल, तर शिक्षणकाळातल्या व्याजासाठी केंद्राची सवलत योजना आहे. अर्ज करतानाच बँकेत विचारा.

मला कर्जापेक्षा काळजी वाटते ती नोकरीच्या गावाची. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये रुग्णाला किरणोत्सारी औषध देतात आणि ते शरीरात कुठे जातं याची चित्रं पेट-सीटी किंवा गॅमा कॅमेरा या यंत्रांनी घेतात. पेट-सीटीत सर्वाधिक वापरलं जाणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून फार लांब नेता येत नाही. गॅमा कॅमेऱ्याचं टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. ते ज्या जनरेटरमधून (विजेचा नव्हे, हे द्रव्य देणारं उपकरण) काढतात तोही साधारण आठवड्याला नवा मागवावा लागतो. यंत्रंही कोट्यवधींची. म्हणून हे विभाग बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत. मुलगी भुसावळहून डबा घेऊन ड्युटीला जाईल, असं मनात असेल तर ते काढून टाका. सुरुवातीच्या पगारातून मुंबई-पुण्याचं खोलीभाडं वजा करा, मग हप्ता झेपतो का बघा. पहिली दोन वर्षं थोडा हातभार तुम्हाला लावावा लागेल, असं धरूनच चला.

पैसे भरण्याआधी स्वतः कॉलेजला जाऊन या. गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी त्यांच्याच हॉस्पिटलात आहे का? ही पदवी अणुऊर्जा नियामक मंडळाने टेक्नॉलॉजिस्टसाठी ठरवलेल्या पात्रतेत बसते का, ते लेखी मागा. गेल्या दोन बॅचची मुलं कुठे लागली, ते त्या मुलांनाच फोन करून विचारा. इथे टाळाटाळ झाली तर फी निम्मी केली तरी घेऊ नका.

तसं झालं तर दुसरी वाट आहे. फैजपूर किंवा जळगावला साधी बीएस्सी करून मग परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधल्या अभ्यासक्रमासाठी प्रयत्न करायचा. हे सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे. खर्च पुष्कळ कमी, पण जागा मोजक्या. तिथे नंबर लागेलच असं धरून चालता येत नाही.

किरणांची भीती घालणारे पाहुणे भेटतीलच. कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, त्यावरून किरणांचा डोस मोजला जातो; मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचं माप) आहे. नियम पाळणाऱ्या विभागात त्यापायी नोकरी नाकारावी असं काही नाही.

एफडी एकदम मोडू नका. बँकेत जाऊन तिचे ९०, ९० आणि ७० हजारांचे तीन भाग करून घ्या, आणि पहिला भाग कर्ज लेखी मंजूर झाल्यावरच मोडा.