खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी तुटली आहे. बदलायला किती खर्च येईल?

पुण्यात चार फुटी खिडकीची जुनी पट्टी काढून नवीन ग्रॅनाइट बसवायला साधारण 2,500 ते 3,500 रुपये धरा. नुसती चीर असेल तर ती मॅस्टिकने (दगड जोडायच्या चिकट लुकणाने) भरून तीन-चारशेत भागतं. घरदुरुस्तीची कामं घेतो, त्यावरून सांगतोय. दगड फारसा लागत नाही: साडेचार फूट लांब, दहा इंच रुंद म्हणजे पावणेचार चौरस फूट, 150 ते 200च्या दराने 560 ते 750 रुपये. खरा पैसा गवंडी आणि मदतनिसाच्या हजेरीत जातो, आणि एका खिडकीसाठीही ती पूर्ण दिवसाचीच लागते. म्हणून बाकीच्या पट्ट्या ठोकून बघा, पोकळ वाजल्या तर सगळ्या एकदमच करा. बसवताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायला लावा, आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, कटरने लांबीभर खाच मारून घ्या. नाहीतर पावसाचं पाणी खालून भिंतीकडे ओढलं जातं. दहा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. मात्र स्लायडिंगचा ट्रॅक उचलावा लागला किंवा वरच्या मजल्यावर बाहेरून परांची बांधावी लागली, तर हा हिशोब धरू नका.