वाचकांचे प्रश्न : लाकडी स्टॉकची बैठक आणि पिलर बेडिंग

प्रश्न : सिॲटलला राहतो. रायफल रेमिंग्टन ७००, काडतूस .३०-०६, स्टॉक (लाकडी दस्ता) अक्रोडाचा. इथल्या रेंजवर झीरो करून (नेम जुळवून) कॅस्केड डोंगरांपलीकडे, पूर्वेच्या कोरड्या भागात एल्कच्या शिकारीला जातो. चार-पाच दिवसांत ॲक्शनचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाचे) स्क्रू पाव फेरा तरी ढिले होतात आणि १०० यार्डांवर गोळी दीड-दोन इंच सरकते. थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावून भागेल की पिलर बसवावेत? घरी करायचं तर कसं?

उत्तर : थ्रेडलॉकने भागणार नाही. स्क्रू जागचा हललेला नाही, त्याच्या कचाट्यातलं लाकूड आकसलंय. २५ मिमी जाडीच्या अक्रोडातला ओलावा चार टक्क्यांनी उतरला की जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास घटते. तुमच्या स्क्रूला इंचाला २८ आटे आहेत, म्हणजे एका फेऱ्याला ०.९ मिमी. पाव फेरा म्हणजे तेच पाव मिलिमीटर! शिवाय दमट हवेत फुगलेलं लाकूड आवळलेल्या धातूवर चिरडतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त बसतं. दर मोसमात स्क्रू थोडा अधिक आत जातो तो यामुळे.

पिलर म्हणजे स्क्रूभोवतीची धातूची नळी. तिचं वरचं तोंड ॲक्शनला आणि खालचं तोंड ट्रिगर गार्डला टेकतं, त्यामुळे स्क्रूचा दाब धातूवरून धातूवर जातो. लाकूड दोन्हींच्या मध्ये राहतं, पण दाबलं जात नाही.

रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट काढून ठेवा, ट्रिगरही उतरवा. पुढच्या स्क्रूला १४ मिमी बाहेरमापाचा ॲल्युमिनियम पिलर चालतो. मागे टँगखाली (ॲक्शनच्या शेपटीखाली) लाकूड अरुंद असतं, तिथे १२.५ मिमीच्या वर जाऊ नका. आतलं भोक ७ मिमी ठेवा. ६.३५ मिमीचा स्क्रू त्यातून कुठेही न घासता गेला पाहिजे. स्क्रू पिलरच्या भिंतीला टेकला तर रिकॉइलचा (गोळी सुटतानाचा) धक्का लगऐवजी, म्हणजे ॲक्शनखालच्या पोलादी ठोकळ्याऐवजी, स्क्रू झेलू लागतो आणि मग कितीही चांगलं बेडिंग (ॲक्शनखालची इपॉक्सीची बैठक) वाया जातं.

पिलरची लांबी कॅलिपरने मोजून कापा, पण अंतिम माप मॅगझीन बॉक्सवरून (काडतुसांच्या डब्यावरून) ठरवा. सगळं आवळल्यावर बॉक्स बोटाने वर-खाली जेमतेम अर्धा मिलिमीटर हलला पाहिजे. तो ॲक्शन आणि फ्लोअरप्लेटमध्ये (तळाच्या झाकणात) चेमटला, तर स्क्रू पिलरवर आवळला न जाता त्या पातळ पत्र्यावर आवळला जातो. ॲक्शन खालून गोल आहे, म्हणून पिलरचं वरचं तोंड अर्धगोल कानशीने त्याच गोलाईचं करा. बाहेरून कानशीने आडव्या खाचा पाडा आणि ॲसिटोनने पुसा. गुळगुळीत ॲल्युमिनियमला इपॉक्सी धरत नाही.

भोक पिलरपेक्षा १ मिमी मोठं, ड्रिल प्रेसवर, खालच्या बाजूने पाडा. हातातल्या ड्रिलने ते तिरपं जाणारच. वरच्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना लाकडाची चिप उडते.

काम दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी फक्त पिलर चिकटवा. ते ॲक्शनला स्क्रूने हाताने जेमतेम पकडून, बाहेरून इपॉक्सी लावून स्टॉकमध्ये उतरवा. स्टॉकच्या पुढच्या टोकाला बंदुकीच्या नळीभोवती इलेक्ट्रिक टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या मध्यावर आणा. हे सुकलं की ॲक्शनची उंची आणि जागा पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी बैठक. लगच्या खाचेत आणि रिसीव्हर रिंगखाली (ॲक्शनच्या पुढच्या गोल भागाखाली) पटाशीने दीड-दोन मिलिमीटर लाकूड खरवडा, टँगखालीही तेवढंच. पिलरला हात लावू नका. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवर टेपचा एकेक थर द्या. मागचं पृष्ठ उघडं ठेवा, कारण धक्का तिथेच पोचतो आणि तिथे इपॉक्सी घट्ट भिडली पाहिजे. ट्रिगरच्या पिनांची भोकं, बोल्ट रिलीजची फट, मॅगझीनची कड, सगळीकडे प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) भरून पत्त्याच्या कडेने सपाट करा. मग इपॉक्सी चिकटू नये म्हणून ॲक्शनला बिनरंगी बूटपॉलिशचे दोन थर, प्रत्येक थर कापडाने चकाकेपर्यंत. स्क्रूच्या आट्यांनाही लावा.

पुट्टीसारखी घट्ट इपॉक्सी घ्या. ॲक्राग्लास जेल (बेडिंगची एक इपॉक्सी) असेल तर दोन्ही भाग समप्रमाणात, इतरांचं प्रमाण डब्यावर असेल तसं. प्रमाण अंदाजाने घेतलं तर ती रबरासारखी राहते आणि परत खरवडावी लागते. मिसळताना फेटू नका, घडी घालत कालवा. हवेचे बुडबुडे म्हणजे पुढचे खड्डे. लगच्या खाचेत काडीने दाबून भरा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : इपॉक्सी सुकत असताना स्क्रू आवळू नका. आवळला तर ॲक्शन किंचित वाकते, इपॉक्सी तो वाक जसाच्या तसा उचलते आणि मग दर वेळी रायफल त्याच ताणात बसते. डोकं कापलेले दोन लांब स्क्रू फक्त दिशा धरायला लावा आणि ॲक्शन रबरी नळीचे वेढे देऊन पिलरवर टेकवा. वर आलेली इपॉक्सी मऊ असतानाच आइस्क्रीमच्या काडीने काढा, डाग व्हिनेगरच्या कापसाने. २४ तास हात लावू नका.

सुकल्यावर ॲक्शन काढून परत बसवली की स्क्रू पिलरवर ६५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन-मीटर आवळा. नुसत्या लाकडावर ४०च्या आसपास थांबावं लागत होतं. बंदुकीच्या नळीखाली दीड मिलिमीटर मोकळी फट ठेवा. फटीतून कागदी नोट सरकली की झालं, हा हिशोब लाकडाला पुरत नाही, कारण फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) स्वतःच वळतो. उघड्या लाकडाला, विशेषतः नळीच्या खाचेला आणि रिकॉइल पॅडखालच्या तोंडाला, पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात द्या. आडव्या कापाचं ते तोंड सगळ्यात जास्त पाणी पितं.

प्रश्न : (कॅलगरी) इपॉक्सी सुकली, पण ॲक्शन निघत नाही. काय करू?

उत्तर : पेचकस घालून उचकू नका, स्टॉक फाटेल. बहुतेकदा एखादं पिनचं भोक न भरल्याने इपॉक्सी आत जाऊन खुंटी झालेली असते, किंवा लगच्या बाजूला टेप नव्हता. आख्खी रायफल सात-आठ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा. पोलाद आणि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. बाहेर काढल्याबरोबर दोन लांब स्क्रू अर्धे आत फिरवा आणि त्यांच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या हातोडीने आळीपाळीने हलके ठोके द्या. तरी नाही निघाली तर रिसीव्हरवर सोल्डरिंग गन टेकवून हळू तापवा. खोलीच्या तापमानाला सेट होणारी बहुतेक इपॉक्सी ८०-९० अंश सेल्सिअसला मऊ पडते. ज्योत कधीच नको. आत लहानसा टवका उडाला असेल तर तेवढाच खरवडून भरा.

प्रश्न : (ह्यूस्टन) बेडिंगनंतर बोल्ट बंद होताना घासतो आणि ग्रुप (निशाणावरच्या गोळ्यांचा पुंजका) आधीपेक्षा वाईट झालाय.

उत्तर : पुढचा स्क्रू एक फेरा ढिला करा. बोल्ट सुटला तर स्क्रू लांब आहे, टोक बोल्टच्या लगला (बोल्टवरच्या कुलपाच्या उंचवट्याला) लागतंय; एक आटा कापून टोक कानशीने गोल करा. ग्रुपसाठी डायल इंडिकेटर फोरएंडच्या टोकाला, नळीला टेकवून लावा आणि पुढचा स्क्रू सोडा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर बैठकीत ताण आहे. खरवडून पुन्हा बेडिंग करणं हाच इलाज.

प्रश्न : (पुणे) आजोबांची परवान्यावरची जुनी माउझर ९८ रायफल, आता फक्त रेंजवर वापरतो. टँगजवळचं लाकूड तेलाने काळं, मऊ पडलंय. पिलर धरतील का?

उत्तर : तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. व्हायटिंगची (खडूची) पांढरी पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, ॲसिटोन मोकळ्या हवेत पूर्ण उडू द्या आणि मगच हेअर ड्रायरने गरम करा. पुडीत तेल पिवळं होऊन चढतं. ब्रशने झाडून पुन्हा करा. पूड पांढरी राहीपर्यंत चार-पाच वेळा लागतील. हे केवळ स्टॉकचं काम आहे, घरी करता येईल.

माउझरने मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळी मुळातच दिली होती. बहुधा कुणीतरी ती हरवली असेल, म्हणूनच टँगखालचं लाकूड चिरडलं. आधी ती शोधा किंवा तशीच लेथवर करून घ्या. पुढचा स्क्रू मात्र रिकॉइल लगमध्येच जातो, त्यामुळे तिथला पिलर आखूड असतो आणि लगची बैठक त्याच जागी सांभाळावी लागते. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून ॲक्शनसह बेडिंगचं काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्या. त्याला एवढंच निक्षून सांगा की इपॉक्सी सुकताना स्क्रू आवळायचा नाही.