हॉलच्या भिंतीवर रेघांचा इटालियन मार्बल लावायचा आहे. रेघा उभ्या ठेवाव्यात की आडव्या? कंत्राटदार उभ्या म्हणतो.

उभ्या ठेवल्या की छत उंच दिसतं, असंच सांगितलं असेल ना त्याने? सगळे हेच सांगतात. खरं कारण वेगळं आहे. रेघा उभ्या असल्या की दोन पॅनलमधला सांधा रेघांतच लपतो, काही जुळवावं लागत नाही. आडव्या ठेवल्या तर प्रत्येक सांध्यावर रेघेला रेघ भिडवावी लागते. त्यासाठी स्लॅब वर-खाली सरकवायचे, मग वरून-खालून कापायचे. दगड वाया जातो, मजुरी वाढते. म्हणून छताची उंची पुढे करतात.

मी पुण्यात इंटिरियरची कामं करते. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये 14 फुटी भिंतीला ट्रॅव्हर्टिन लावायचा होता. बाजारात तो मार्बल म्हणूनच विकतात, पण तो होतो गरम झऱ्यांच्या पाण्यातला चुना थरावर थर बसून. रोमजवळच्या तिवोलीचा प्रसिद्ध आहे, कलोसियम त्याच दगडाचं. थर छेदून ब्लॉक कापला की रेघा दिसतात, थरांना समांतर कापला की ढगाळ नक्षी. उत्तर इटलीतल्या ओसोला खोऱ्यातला पालिसान्द्रो हा खराखुरा मार्बल, त्याचंही तेच. त्यामुळे गोडाऊनमध्ये नुसतं नाव विचारून दगड घेऊ नका.

आम्ही एकाच ब्लॉकचे सलग स्लॅब निवडले होते, प्रत्येकाच्या कडेवर मार्करने नंबर होता. मी पार्किंगमध्ये ते मांडायला लावले. बघते तर नंबर मागेपुढे झालेले, आणि एक स्लॅब डोक्याकडून पायाकडे फिरवलेला. शेजारच्या स्लॅबवर वर असलेली जाड तपकिरी पट्टी याच्यावर खाली गेली होती. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, नैसर्गिक दगड आहे, एवढं चालायचंच." घरमालकांचे वडीलही त्याच्याच बाजूने, कारण वास्तुशांतीची तारीख ठरलेली. "अहो ताई, पाहुण्यांना काय कळतंय त्यातलं?"

मला कळतं, आणि त्या घरात रोज बसणाऱ्याला तर कळतंच. दगड नैसर्गिक असतो, पण तो उलटा लावतो माणूस. मी कटर बंद करायला लावला. मीस व्हान डेर रोह या जर्मन आर्किटेक्टने 1929 च्या बार्सिलोना पॅव्हिलियनमध्ये ऑनिक्स या दगडाच्या ब्लॉकच्या मापावरून खोलीची उंची ठरवली होती. आम्हाला तर फक्त नंबर लावायचे होते. स्लॅब पुन्हा क्रमाने मांडले, रेघा जुळवून खुणा केल्या, मगच कापायला दिले. मध्येच एक स्लॅब पोरांनी आडवा उचलला आणि तो बरोबर रेघेवर मोडला. रेघांचा दगड नेहमी कडेवर उभा धरून न्यायचा, हे मी सकाळीच सांगितलं होतं. पुढचा नंबर गोडाऊनमध्ये शिल्लक होता म्हणून निभावलं. वास्तुशांत ठरल्या दिवशीच झाली. तो कंत्राटदार आजही त्या भिंतीचा फोटो नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो, आणि मी विनाकारण ताणलं असंही सांगतो.

तुमची भिंत किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. लांब असेल तर आडव्याच ठेवा. खांब किंवा दाराशेजारची अरुंद पट्टी असेल तर उभ्या चालतील. लांब पट्टीत रेघा लांबीच्या दिशेने असल्या की ती सहसा मोडतही नाही. बुकमॅचच्या, म्हणजे शेजारचे दोन स्लॅब उघड्या पुस्तकाच्या पानांसारखे आरसा-प्रतिमेत लावण्याच्या, भानगडीत पडू नका. रेघा जराशा तिरक्या असल्या तरी सांध्यावर बाणाची टोकं तयार होतात.

वजनाचं राहिलंच. 18 मिमी जाडीचा दगड चौरस मीटरला सुमारे 49 किलो भरतो, म्हणजे 8 बाय 4 फुटांचा स्लॅब साधारण 145 किलो. जिप्समच्या पार्टिशनवर नुसता चिकटवू नका. बाहेरच्या भिंतीला पातळ मार्बल तर नकोच. शिकागोच्या अमोको इमारतीवरचे, इटलीतल्या करारा गावच्या मार्बलचे पॅनल ऊन-थंडीने वाकले आणि 1990 ते 1992 मध्ये सगळे काढून ग्रॅनाइट लावावा लागला. स्वयंपाकघरातही नको, लिंबू-कोकमाचे डाग पॉलिश खातात.

कोटेशनमध्ये लिहून घ्या: एकाच ब्लॉकचे सलग नंबर, आधी जमिनीवर मांडणी, आणि ती तुम्ही बघितल्याशिवाय कापाकापी नाही. तो याचे वेगळे पैसे मागेल. ते द्या.