पायवर काली टाकली, आता पुढे काय?

प्रश्न (देवगडहून एक वाचक): दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला गेलो, त्या पैशातून रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर घेतला, 4 जीबीवाला. पेनटेस्टिंग, म्हणजे परवानगीने हल्ला करून सिस्टिममधली भोकं शोधणं, शिकायचंय. व्हिडिओ बघून काली लिनक्स (हॅकिंगची साधनं आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली पण मधेच हँग होते, आपोआप रीस्टार्ट होते, वायफाय मॉनिटर मोडला (आजूबाजूचं वायफाय ट्रॅफिक ऐकायच्या स्थितीत) नीट जात नाही, आणि सरावासाठी मुद्दाम कमकुवत बनवलेलं मेटास्प्लॉइटेबल टाकायला गेलो तर ते पायवर चालतच नाही. आई विचारते, "ह्या काय हाडलंस रे?" तिला काय सांगू? घरी एक जुना विंडोज लॅपटॉप आहे.

उत्तर: आईला सांग की चांगली वस्तू आणली आहेस, पैसे अजिबात फुकट गेले नाहीत, फक्त आपण ती उलट्या बाजूने धरली होती. ते कसं ते सांगतो, आधी तुझ्या तीन अडचणी.

हँग होणं आणि रीस्टार्ट होणं हे बहुतेक चार्जरमुळे. मोबाईलचा चार्जर लावला असशील. पाय 4 ला 5 व्होल्टला 3 अँपिअर लागतात आणि तेही स्थिर, मोबाईलच्या चार्जरने आणि बारीक वायरने व्होल्टेज खाली जातं. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह येतं का बघ, आलं तर कारण तेच. पायसाठी बनवलेलाच अडॅप्टर घे, बाकी काही नंतर घेतलंस तरी चालेल.

वायफायचं म्हणशील तर पायवरची जी वायफाय चिप आहे ती मुळात मॉनिटर मोडसाठी दिलेलीच नाही. तो मोड चालू करायला नेक्समॉन नावाचा पॅच आहे, कालीच्या पाय इमेजमध्ये त्याची सोय असते, पण त्यावर डोकं आपटत बसू नकोस. पुढे कधी गरज लागलीच तर एआर9271 चिपवाला यूएसबी अडॅप्टर मिळतो तो बघ. आत्ता मात्र वायफाय बाजूला ठेव, कारण पेनटेस्टिंगमधला तो एक छोटा कोपरा आहे आणि नवीन मुलं तिथेच अडकून वर्ष घालवतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

मेटास्प्लॉइटेबल चालत नाही यात तुझी चूक नाही. ते लॅपटॉप-डेस्कटॉपवाल्या प्रोसेसरसाठी बनवलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, आहे आणि पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, मोबाईलमध्ये असतो तसा. दोघांची भाषाच वेगळी.

आता मुख्य मुद्दा. सगळे जण पायवर काली टाकतात म्हणजे पाय हल्ला करणारा, आणि मग हल्ला कोणावर हा प्रश्न उरतो आणि मुलगा शेजाऱ्याच्या राउटरकडे बघायला लागतो. तू उलट कर. पायलाच निशाणा बनव. काली काढून टाक, साधी रास्पबेरी पाय ओएस लाइट टाक, तीवर मुद्दाम कमकुवत ठेवलेली वेबसाइट बसव, आणि जुन्या लॅपटॉपवरून तिच्यावर हल्ला कर. मशीन तुझं, केबल तुझी, घर तुझं. मोडलं तर मेमरी कार्डावर ओएस परत लिहायची, अर्ध्या तासाचं काम. आणि जो माणूस स्वतः सर्व्हर उभा करतो त्यालाच तो कुठून गळतो ते कळतं, हे मी ठामपणे सांगतो.

करायचं कसं तर आपण आगोट भरतो ना पावसाच्या आधी, तसं आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लागेल ते सगळं उतरवून घे: अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (वेबसाइटच्या कोडची भाषा), मारियाडीबी (डेटाबेस), आणि डीव्हीडब्ल्यूए, म्हणजे डॅम व्हल्नरेबल वेब अ‍ॅप्लिकेशन, जे मुद्दाम भोकं ठेवून शिकण्यासाठीच बनवलंय. लॅपटॉपवर एनमॅप (मशीनवर काय उघडं आहे ते शोधणारं), वायरशार्क (नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं) आणि बर्प सूटची (ब्राउझरची रिक्वेस्ट मधेच पकडणारं) फुकट आवृत्ती, तिन्ही विंडोजवर चालतात. मग इंटरनेट तोड. एखादा जुना पडलेला राउटर घे, त्याला बाहेरची लाइन लावूच नकोस, पाय आणि लॅपटॉप दोन्ही त्यालाच जोड. डीव्हीडब्ल्यूए चालू असलेलं मशीन कधीही इंटरनेटला उघडं ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी, काहीही बसवायच्या आधी, नुसत्या ओएसवर लॅपटॉपवरून पायला एनमॅप मार. एसएसएच, म्हणजे दुरून कमांड देऊन मशीन चालवायची सोय, चालू असेल तर 22 नंबरचा पोर्ट, म्हणजे मशीनचा दरवाजा, उघडा दिसेल. अपाची बसव, परत मार, आता 80 दिसेल. मारियाडीबी बसव, परत मार, आणि इथे थांब, कारण तिचा 3306 दिसणार नाही. डेटाबेस चालू आहे, पायवर बसून बघितलंस तर ऐकतोय, मग बाहेरून का दिसत नाही? कारण डेबियनच्या (पाय ओएस ज्या लिनक्सवर बांधली आहे तिच्या) घरातली मारियाडीबी आपोआप फक्त 127.0.0.1 वर ऐकते, म्हणजे मशीनच्या आतल्या आतच. ती सेटिंगची फाइल शोध, ऐकायचा पत्ता (बाइंड अ‍ॅड्रेस) बदल, रीस्टार्ट कर, परत स्कॅन कर, दिसेल. मग पूर्ववत कर. या एका संध्याकाळी तुला सर्व्हिस, पोर्ट आणि बाइंड अ‍ॅड्रेस यांचा जो अर्थ लागेल तो दहा व्हिडिओ बघून लागत नाही.

मग वायरशार्क चालू ठेवून ब्राउझरमधून डीव्हीडब्ल्यूएमध्ये लॉगिन कर. साधं, कुलूप नसलेलं एचटीटीपी असल्यामुळे तुझा पासवर्ड तसाच्या तसा वाचता येईल. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

त्यानंतर एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे वेबसाइटच्या चौकटीतून डेटाबेसला आपली आज्ञा घुसवणं, आणि इथे मात्र आठवडा-दोन आठवडे घालव. डीव्हीडब्ल्यूएची लेव्हल लो ठेव, यूझर आयडीच्या चौकटीत नुसतं एकेरी अवतरणचिन्ह टाक, डेटाबेसची एरर येईल, म्हणजे तू टाईप केलेलं थेट क्वेरीत, डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जातंय. तिथून पुढे सगळ्या यूझरची यादी काढण्यापर्यंत स्वतः जा, उत्तर शोधू नकोस. मग मीडियम. तिथे टाईप करायची चौकटच नाही, ड्रॉपडाउन आहे, आणि मुलांना वाटतं संपलं. पण ड्रॉपडाउन हे फक्त ब्राउझरमध्ये आहे, बर्पमध्ये रिक्वेस्ट पकडून आकडा बदलता येतो. आणखी गंमत म्हणजे मीडियमच्या कोडमध्ये अवतरणचिन्हं निकामी करणारं फंक्शन लावलेलं आहे, पण क्वेरीत त्या आकड्याभोवती अवतरणचिन्हंच नाहीत, त्यामुळे ते फंक्शन असूनही उपयोग शून्य. हे तुला व्ह्यू सोर्स दाबून वाचता येतं. शेवटी इम्पॉसिबल लेव्हलचा कोड वाच, तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलंय, म्हणजे क्वेरी आणि टाईप केलेलं वेगवेगळं ठेवलंय. लो, मीडियम आणि इम्पॉसिबलचे तीन कोड वहीत शेजारी शेजारी लिहून काढ, हो हाताने. उद्या कोणाला रिपोर्ट द्यायचा झाला तर "इथे भोक आहे" एवढ्यावर भागत नाही, "ते असं बुजवा" हे लिहावं लागतं, पैसे त्याचेच मिळतात.

एवढं झालं की एसएसएचवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मार, सिस्टिमच्या जर्नलमध्ये (नोंदवहीत) त्यांच्या नोंदी कशा पडतात ते बघ, मग वारंवार चुकणाऱ्याला अडवणारं फेलटूबॅन बसवून परत मार. मूळ सेटिंगमध्ये 5 चुकांनंतर 10 मिनिटं तुझाच लॅपटॉप बाहेर.

प्रश्न (गुहागरहून एक आई): माझी मुलगी अकरावीत आहे. रात्री काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाईप करत बसते, हॅकिंग शिकते म्हणते. हा गुन्हा नाही ना? पोलीस घरी येतील का, ही भीती वाटते.

उत्तर: ताई, शिकणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि तेच लबाडीने किंवा फसवायच्या हेतूने केलं तर कलम 66 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे तुम्ही तिला रागावू नका, फक्त रोज एकच विचारा, "समोरचं मशीन कोणाचं आहे?" ती जर "माझंच" म्हणाली किंवा "सरावासाठीच ठेवलेलं आहे" म्हणाली तर निर्धास्त झोपा. असे सरावाचे सर्व्हर खरंच असतात. ओव्हरदवायर यांचा बँडिट नावाचा खेळ आहे, फुकट, एकेक पायरी चढत जायची, आणि सगळं एसएसएचवर म्हणजे नुसता मजकूर, गुहागरसारख्या ठिकाणी रेंज कमी असली तरी चालतो. एनमॅपवाल्यांनीसुद्धा स्कॅनमी नावाचं मशीन लोकांनी स्कॅन करून बघावं म्हणूनच ठेवलंय. "शाळेची वेबसाइट जरा बघत होते" असं उत्तर आलं तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. चुकून कुठे भोक दिसलंच तर आत जायचं नाही, सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवता येतं. आणि जमलं तर एकदा शेजारी बसा, ती काय करते ते तिला समजावून सांगू दे. मुलींना या कामात घरचं कोणी विचारत नाही, तुम्ही निदान विचारलंत.

प्रश्न (तारकर्लीहून): मामाचा होमस्टे आहे, वायफाय आणि सीसीटीव्ही आहे. मामा म्हणतो, "तू शिकतोस ना, मग तपास." तपासू का?

उत्तर: तपास, पण मामाकडून कागदावर लिहून घे, काय तपासायचं आणि कोणत्या तारखांना. मामाच असला तरी. वायफायवर पाहुण्यांचे मोबाईल असतात आणि त्यांनी तुला परवानगी दिलेली नाही, म्हणून पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हाच कर आणि ट्रॅफिक पकडण्याच्या भानगडीत पडू नकोस. राउटर इंटरनेट कंपनीचा असेल तर त्याच्यावर हल्ला नाही, फक्त सेटिंग बघायची. पहिल्यांदा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे का ते बघ. 2016 साली मिराई या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते असेच साठेक ठरलेले पासवर्ड एकामागून एक लावून, त्यात फार हुशारी नव्हती. रास्पबेरी पायवाल्यांनीसुद्धा एप्रिल 2022 मध्ये आपला आधीपासूनचा "पाय" हा ठरलेला यूझर काढून टाकला. पासवर्ड बदल, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट कर, पाहुण्यांचं वायफाय वेगळं कर, डीव्हीआर त्या नेटवर्कवर ठेवू नकोस. मामाचं निम्म्याहून जास्त काम यात होईल.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): लाइट गेली की पायचं कार्ड खराब होतं, दोन गेली. उपाय?

उत्तर: कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे होणारच, तौक्ते वादळाच्या वेळी मे 2021 मध्ये कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर असेल तर त्यावर लाव, नसेल तर ढग भरून आले की शटडाउन कमांड देऊन बंद कर, नुसती पिन उपटू नकोस. सगळं बसवून झालं की कार्डची इमेज लॅपटॉपवर काढून ठेव. आणि खाऱ्या हवेने यूएसबीच्या पट्ट्या गंजतात, म्हणून वापर नसेल तेव्हा पाय घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, चपलांच्या खोक्यातून येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून. चालू असताना मात्र डब्यात नको, गरम होतो.