ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

बाळा,

काल फोनवर आईचा रिपोर्ट वाचताना ‘ग्रेड ३’पाशी तुझा आवाज अडला. कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला, असं तू धरून चाललीस. तसं नाही.

ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात ते. नेहमीच्या पेशींपासून त्या जितक्या वेगळ्या, तितका ग्रेड वरचा. अशा पेशी सहसा भराभर वाढतात. स्टेज सांगते आजार शरीरात कुठवर पोचलाय ते. आईच्या रिपोर्टच्या शेवटी ‘पीटी२ एन०’ आहे. पी म्हणजे काढलेला भाग तपासून ठरवलेलं. टी म्हणजे मूळ गाठ. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टी२ म्हणजे २ सेंटिमीटरहून मोठी, पण ५ हून मोठी नाही. एन म्हणजे लिम्फ नोड्स, शरीरातल्या छोट्या लसिका गाठी. त्याच्या वर ‘०/१४’ लिहिलंय बघ: काखेतले १४ नोड्स तपासले, एकातही कॅन्सर सापडला नाही. अख्ख्या रिपोर्टमध्ये मला सगळ्यात जास्त धीर त्या ओळीने दिला.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हने तर मी वॉर्डात कितीतरी घरांना उगाच रडताना पाहिलंय. काढलेल्या भागाच्या कडांना शाई लावतात आणि त्या शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी आल्यात का ते बघतात. ‘मार्जिन निगेटिव्ह’ म्हणजे आलेल्या नाहीत. चांगली बातमी. ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर सापडले. तेही आईच्या बाजूचंच, कारण मग हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. शब्द एकटा वाचू नकोस. कशाचा पॉझिटिव्ह, ते आधी बघ.

‘ॲडज्युव्हंट केमो’, म्हणजे ऑपरेशननंतर दिलेली केमो, ऐकून गाठ तर काढली, मग केमो कशाला, असं वाटेल. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील, तर त्यांच्यासाठी ती. आणि ‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट’ म्हणजे पाचच वर्षं उरली असं नव्हे. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात असतात, एवढंच तो आकडा सांगतो. त्यात तुझी आई कुठे, हे तो सांगत नाही.

पुढच्या भेटीसाठी वहीत पहिला प्रश्न हा लिही: या रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीमुळे उपचार ठरणार आहेत? उत्तर आईसमोरच घे. तिच्यापासून लपवू नकोस. तो कागद तुझ्याआधी तिच्या हातात होता, ‘ग्रेड ३’ तिनेही वाचलंय.

तुझी,
मावशी